दुमजली पार्किंग: आधी उंची आणि जमीन तपासा, यंत्र नंतर मागवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवी गाडी नोंदवताना पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र मागण्याचा विचार राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला. ‘एकावर एक दोन गाड्या’ हा विषय आता बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या अंगणापर्यंत आला आहे. पुण्यात प्लॉट लहान, घरात गाड्या दोन आणि बाहेर रस्त्यावर लावायला जागा नाही. अशा घराच्या गॅरेजमध्ये लिफ्ट बसवणे ही चांगली सोय आहे आणि ती जास्तीत जास्त घरांत व्हावी, असेच आम्हाला वाटते. मात्र चौकशी नेहमी किमतीपासून आणि कंपनीच्या नावापासून सुरू होते, आणि तिथेच चुकते. घोळ होतो तो तीन ठिकाणी: बीमखालची उंची, फरशीखालचे काँक्रीट, आणि वीज गेल्यावर वरची गाडी खाली कशी आणायची हा प्रश्न. यंत्राची निवड हा त्या मानाने सोपा भाग आहे.

उंचीचा हिशेब आधी मांडू. खाली क्रेटा धरली तर तिची उंची १६३५ मिमी. तिच्या टपावर १०० मिमी मोकळी जागा, प्लॅटफॉर्म आणि त्याखालचा आडवा पाइप मिळून १५० मिमी, वर स्विफ्ट म्हणजे साधारण १५३० मिमी, आणि तिच्या टपावर पुन्हा १०० मिमी. बेरीज होते ३५१५ मिमी, म्हणजे साडेअकरा फुटांच्या किंचित वर. दोन्ही गाड्या होंडा सिटीसारख्या बसक्या सेडान असल्या तरी ३३०० च्या खाली आकडा येत नाही. इनोव्हा क्रिस्टा १७९५ मिमी उंच आहे. ती खाली आली की हिशेब आणखी वर जातो. आपल्याकडचा नेहमीचा मजला दहा फुटांचा. त्यातून पंधरा ते अठरा इंची बीम आणि फरशीची जाडी गेली की बीमखाली हातात २५५० ते २६०० मिमी उरतात. म्हणजे साध्या मजल्याच्या गॅरेजमध्ये ही लिफ्ट बसत नाही, आणि कोणी ‘बसवून देतो’ म्हणाला तरी बसत नाही.

मोजताना टेप स्लॅबला लावू नये, बीमच्या तळाला लावावा. बीमखालून जाणारा ड्रेनेजचा पाइप, पंखा, ट्यूबलाइट, कपडे वाळत घालायच्या दांड्या हे सगळे वजा करावे. रोलिंग शटर असेल तर गुंडाळी ज्या डब्यात बसते तो तोंडापाशीच फूटभर ते दीड फूट उंची खातो. गाडी उचलताना त्या डब्याखाली बोनेट किंवा डिकी येत असेल, तर शटर काढून सरकते फाटक लावावे लागेल. खालच्या गाडीची डिकी उघडली की तिचे दार दोन मीटरच्या वर जाते आणि सरळ प्लॅटफॉर्मवर आपटते. त्यामुळे सामान काढायचे ते गाडी बाहेर घेऊन, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावावी लागते. टपावरचा कॅरिअर आणि शार्क फिन अँटेना उंचीत धरायला विसरू नये.

उंची तीनेक फूट कमी पडते असे दिसले की एक सूचना हमखास पुढे येते: ‘खाली खोदून घेऊ.’ याला स्पष्ट नकार द्यावा. गॅरेजच्या जमिनीखाली प्लिंथ बीम असतात, कडेच्या कॉलमच्या फुटिंगा (पाये) असतात. त्यांच्या बगलेची माती काढली की घराचा आधार सैल होतो. शिवाय रस्त्यापेक्षा खोल गेलेल्या गॅरेजमध्ये जूनपासून पाणी भरते, आणि पंप बंद पडला त्या रात्री खालची गाडी आणि विजेचे पॅनेल दोन्ही पाण्यात जातात. दुसरी सूचना असते, बाजूच्या मोकळ्या जागेत बसवू. ती जागा सामासिक अंतराची, म्हणजे नियमाप्रमाणे घराभोवती मोकळी सोडायची असते. तिथे खांब रोवण्याआधी वास्तुविशारदाला विचारून पालिकेची लेखी परवानगी घ्यावी. नवे घर बांधत असाल तर प्रश्नच सोपा. नकाशा काढतानाच गॅरेजच्या भागात बीमखाली ३७०० मिमी उंची ठेवायला सांगा. त्या वेळी खर्च थोडका असतो, नंतर कितीही पैसे टाकले तरी बीम वर सरकत नाही.

घरासाठी चारखांबी लिफ्ट घ्यावी असे आमचे मत आहे. दोनखांबी लिफ्ट जागा कमी घेते, पण तिचा प्लॅटफॉर्म खांबांच्या पुढे अधांतरी असतो. त्यामुळे खांबाच्या बुडाशी उलटण्याचा जोर येतो आणि तो सगळा नांगर बोल्टांवर, म्हणजे खांब काँक्रीटला जखडणाऱ्या बोल्टांवर पडतो. काँक्रीट जरा कमजोर असले की धोका तिथेच. चारखांबीत वजन चार कोपऱ्यांतून सरळ खाली जाते आणि बोल्टांचे काम मुख्यतः खांब जागेवर धरून ठेवण्यापुरते राहते. खांब कोपऱ्यांत असल्याने खालच्या गाडीची दारेही मोकळी उघडतात. मात्र खांबांच्या आतले मोकळे अंतर आरशांसकट गाडीच्या रुंदीपेक्षा निदान १५० मिमी जास्त हवे. स्कॉर्पिओ-एनची रुंदी आरसे सोडूनच १९१७ मिमी आहे, हे मागणी नोंदवण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

आता जमीन. आपल्या पार्किंगमध्ये वरून चेकर्ड टाइल दिसते. तिच्याखाली दोन ते तीन इंच वाळू-सिमेंटचा थर, आणि मग पीसीसी (बिनसळईचे साधे काँक्रीट), ते असले तर. फिटर १५० मिमीचा बोल्ट टाइलवरूनच ठोकतो. त्यातला १०० मिमी टाइल आणि मालात जातो, खऱ्या काँक्रीटमध्ये जेमतेम ३० ते ४० मिमी. पाना फिरवताना बोल्ट घट्ट लागतो, म्हणून सगळे ठीक वाटते. सहा महिन्यांनी माल भुगा होतो, बेसप्लेट टाइलवर हलू लागते आणि लिफ्ट वर जाताना खांब डोलतात. पेव्हर ब्लॉकवर तर लिफ्ट बसवूच नये. ब्लॉक एक-एक करून खचतात आणि चार खांबांची पातळी चार जागी जाते.

योग्य पद्धत अशी. प्रत्येक खांबाच्या जागी बेसप्लेटपेक्षा चारी बाजूंनी निदान १५० मिमी मोठा चौकोन टाइल कटरने कापून काँक्रीट उघडे करावे. एका कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडून जाडी मोजावी. सलोह (सळई घातलेले) काँक्रीट १५० मिमी जाड आणि एम-२५ या ताकदीच्या प्रतीचे असेल तर काम पुढे न्यावे. नसेल तर तो भाग फोडून नवा स्लॅब ओतावा: खाली मुरूम १५० मिमीच्या थरांनी दाबून, त्यावर पीसीसी, त्यावर २०० मिमी जाडीचे एम-२५, त्यात १० मिमी सळई दोन्ही दिशांनी १५० मिमी अंतरावर. चारही खांब एकाच सलग स्लॅबवर यावेत. वेगवेगळे चार ठोकळे केले की ते वेगवेगळे खचतात. ओतल्यावर २८ दिवस थांबावे आणि सुरुवातीचे निदान १० दिवस पाणी मारावे. ‘आठवड्यात बसवून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवायची हिंमत मालकाने दाखवावी. कच्च्या काँक्रीटमध्ये पसरणारा बोल्ट आवळला की कड फुटते आणि ती नंतर दुरुस्त होत नाही.

काळ्या मातीवर घर असेल तर जास्त काळजी हवी. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्लॅब दर वर्षी वर-खाली होतो. तिथे किमान ६०० मिमी माती काढून मुरूम भरल्याशिवाय स्लॅब टाकू नये. आणि एक गोष्ट पुण्यात घरोघरी आहे: पाण्याची जमिनीखालची टाकी बहुधा पार्किंगखालीच असते. टाकीच्या छतावर खांब येता कामा नये. टाकीचे, चेंबरचे आणि सेप्टिक टँकचे झाकण कुठे आहे हे पाहून अंदाज बांधू नये. बांधकामाचा नकाशा काढावा, कारण टाकी झाकणापेक्षा बरीच दूरपर्यंत पसरलेली असते.

सोसायटीच्या पोडियमवर किंवा बेसमेंटच्या वरच्या स्लॅबवर लिफ्ट बसवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पत्राशिवाय बोलणीही करू नयेत. इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या, आयएस ८७५ च्या, भाग २ प्रमाणे अडीच टनांपर्यंतच्या गाड्यांच्या पार्किंगसाठी दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन (साधारण २५० किलो) भार धरतात. अडीच बाय पाच मीटरच्या एका जागेवर माणसे-सामानासह १६०० किलोच्या दोन गाड्या आणि टनभराची लिफ्ट ठेवली की ४.२ टन होतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३.३ किलोन्यूटन. एका जागेपुरते हे कदाचित पेलेल. ओळीने दहा जागांवर तेच केले तर स्लॅबची क्षमता तपासावीच लागेल.

बोल्ट रोवताना भोक पाडल्यावर आतली धूळ काढणे ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. आधी फुंकणीने हवा, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा हवा. धूळ राहिली तर केमिकल अँकरचा (रसायनाने चिकटवायच्या बोल्टचा) रसायनी माल धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही, आणि बोल्ट हाताने ओढल्यावर निघून येतो. एम-१६ (१६ मिमी व्यासाचा) बोल्ट काँक्रीटच्या कडेपासून निदान १६० मिमी आत असावा. आवळणी टॉर्क रेंचने, बोल्टच्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. बेसप्लेटखाली फट असेल तर पोलादी शिम (पातळ पट्ट्या) घालून न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंटी माल) भरावा. टाइलचे तुकडे किंवा पत्र्याच्या कातरणी चालत नाहीत. खांब ओळंब्यात हवेत: तीन मीटरला तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. चार खांबांचे दोन कर्ण टेपने मोजावेत, फरक पाच मिलिमीटरच्या आत असावा. पातळी पाण्याच्या नळीने पाहावी. दीडशे रुपयांच्या त्या नळीने जे कळते ते चकचकीत यंत्राच्या कॅटलॉगमधून कळत नाही.

यानंतर जो मुद्दा येतो, त्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे. ही लिफ्ट पंपाने दाबलेल्या तेलावर उचलली जाते, पण गाडी वर गेल्यावर ती तेलाच्या दाबावर उभी राहता कामा नये. लोखंडी खिटीवर टेकायला हवी. प्रत्येक खांबात शिडीसारखी खाचांची पट्टी असते आणि प्लॅटफॉर्मच्या प्रत्येक कोपऱ्याला खिटी. वर जाताना त्या ‘टक टक’ आवाज करत खाचा ओलांडतात. हवी ती उंची आली की प्लॅटफॉर्म किंचित खाली सोडून चारही खिट्या खाचेत बसवायच्या. ही शेवटची क्रिया कंटाळ्यापायी सोडून दिली जाते. मग रात्री तेल थंड होऊन आकसते, झडपेतून थेंब-थेंब मागे जाते आणि प्लॅटफॉर्म खालच्या गाडीच्या टपाकडे सरकू लागतो. तेलाची नळी फुटली तर तो वेगाने उतरतो. त्या वेळी सिलिंडरच्या तोंडाशी नळीफुटीची सुरक्षा झडप आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. ती झडप सिलिंडरलाच लावलेली हवी. नळीच्या दुसऱ्या टोकाला पंपापाशी लावली तर तिचा उपयोग शून्य.

चार खिट्या एकाच क्षणी बसल्या पाहिजेत. प्लॅटफॉर्मचे कोपरे उचलणारा नवा तारेचा दोर पहिल्या महिन्यात ताणला जातो, मग तीन कोपरे बसतात आणि चौथा लोंबकळतो. दोराच्या टोकाच्या आट्यांवरचे नट फिरवून हे जुळवून घ्यावे लागते; महिन्याभरानंतरची ही फेरी करारात फुकट लिहून घ्यावी. उतरताना याच्या उलट होते: एक खिटी अडकून राहते, बाकीचे तीन कोपरे खाली जातात आणि गाडी तिरकी होते. म्हणून दोर किंवा चेन सैल पडताच मोटर आणि झडप बंद करणारा स्विच चारही कोपऱ्यांवर हवा. आणि चालवण्याचे बटण दाबून धरले तरच लिफ्ट हलेल, सोडले की थांबेल, असेच असावे. एकदा दाबून निघून जायचे बटण घरात नको. घरात लहान मुले असतात, खालच्या गाडीखाली मांजर झोपलेले असते. समोरचा प्रकाश-सेन्सर या बटणाच्या जोडीला असावा, त्याच्या ऐवजी नव्हे.

आता वीज गेली. विक्रेता सांगतो, ‘झडप हाताने सैल करा, गाडी हळूहळू खाली येते.’ ते अर्धेच खरे आहे. गाडी खिट्यांवर टेकलेली असेल, आणि असलीच पाहिजे, तर झडप उघडून काहीही होत नाही. खिटी सोडवायला प्लॅटफॉर्म आधी २५ ते ५० मिमी वर उचलावा लागतो, आणि उचलायला वीज नाही. म्हणून पॉवर पॅकला (मोटर, पंप आणि तेलटाकीच्या संचाला) हातपंप जोडलेला असणे अत्यावश्यक आहे. खिट्या सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) सुटत असतील तर त्या हाताने ओढायलाही तार हवी. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळी कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल आणि गाडी वर असेल, तर हातपंपाची किंमत कळते. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ही मोटर चालत नाही.

विजेचे काम स्वतंत्र वायरने, थेट मुख्य बोर्डापासून घ्यावे. २.२ किलोवॅटची मोटर एका फेजवर चालताना सुमारे १४ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या चौपट. बोर्ड ३० मीटर लांब असेल आणि वायर २.५ चौरस मिमीची टाकली तर सुरू होण्याच्या क्षणी २५ व्होल्टच्या आसपास वायरमध्येच जातात. उन्हाळ्यात व्होल्टेज आधीच पडलेले असते, मग मोटर नुसती गुरगुरते आणि कपॅसिटर जळतो. ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, सी प्रकारचा एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग यांत काटकसर करू नये. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. तीन फेजची मोटर असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटरसोबत (एखादा फेज गेल्यास मोटर बंद करणाऱ्या उपकरणासोबत) फेजचा क्रम तपासणारा रिले हवाच. रस्त्यावरची केबल दुरुस्त झाल्यावर दोन फेज उलटसुलट जोडले जातात, पंप उलटा फिरतो, तेल ओढत नाही आणि काही मिनिटांत त्याचे सील जाते. वापराचा विजेचा खर्च मात्र नगण्य आहे. एकदा वर न्यायला पुरता मिनिट धरला तरी एका युनिटच्या पंचविसाव्या भागाइतका.

क्षमतेबद्दल एकच प्रश्न लेखी विचारावा: फलकावरचे २५०० किलो नुसत्या गाडीचे, की प्लॅटफॉर्म धरून? गाडी जड पडून उचलली जात नसेल तर दाबाची रिलीफ व्हॉल्व (ठरल्यापेक्षा जास्त दाब झाला की तेल सोडून देणारी झडप) आवळून देणारे मेकॅनिक भेटतात. ती व्हॉल्व म्हणजेच यंत्राची मर्यादा आहे. चाचणीनंतर तिला सील लावलेले असावे आणि सील तुटलेले दिसले तर लिफ्ट वापरू नये.

देखभाल अवघड नाही, पण पावसाळ्याआधी आणि नंतर ती झालीच पाहिजे. वरची गाडी भिजून आली की पाणी, चिखल आणि तेल खालच्या गाडीवर ठिबकते. प्लॅटफॉर्मला सलग पत्रा आणि मागच्या कडेला पन्हळ व पाइप असावा. तारेच्या दोराची एखादी तार तुटून वर आलेली दिसली तर जाड चिंधी फिरवून बाकीच्या शोधाव्यात, उघड्या हाताने नव्हे. तुटलेल्या तारा एकाच जागी दाटलेल्या असतील किंवा दोर पुलीजवळ चपटा झाला असेल तर तो बदलावा. दोराऐवजी लीफ चेन (पट्ट्यांची साखळी) असेल तर ती मूळ लांबीच्या तीन टक्के वाढली की काढावी: पाऊण इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) १६ कड्या नव्या असताना ३०४.८ मिमी भरतात, ३१४ भरल्या की चेन संपली. तेल व्हीजी-४६ या दाटपणाचे, दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगत पावडर कोटिंग टिकत नाही, तिथे गरम जस्ताचा मुलामा दिलेलेच खांब आणि प्लॅटफॉर्म घ्यावेत. विजेची गाडी चार्ज करायची ती खालीच ठेवून.

पालिकांकडे आणि राज्य सरकारकडे आमची मागणी साधी आहे. माणसांच्या लिफ्टला परवाना आणि ठरावीक मुदतीने तपासणी लागते. घरातल्या दुमजली पार्किंगलाही तशीच स्पष्ट, कमी कागदांची आणि पाळता येईल अशी पद्धत असावी: पायाच्या स्लॅबबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र, क्षमतेच्या सव्वापट वजनाची चाचणी आणि वर्षातून एकदा तपासणी. इमारतींच्या मंजूर नकाशात दुमजली पार्किंग दाखवलेले असेल तर भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी ते गाडी चढवून चालवून पाहावे. नकाशातल्या जागांची संख्या मोजून थांबू नये. सोसायट्यांनी वरची आणि खालची जागा एकाच सदनिकेला द्यावी. साध्या लिफ्टमध्ये खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही, आणि दोन कुटुंबांत चाव्यांवरून रोज सकाळी भांडण लागते.

सव्वापट वजनाची चाचणी घरीही होते. २५०० किलोच्या लिफ्टसाठी ३१२५ किलो, म्हणजे ५० किलोच्या वाळूच्या ६३ गोण्या, पुढच्या भागाकडे जास्त रचून, कारण इंजिनाचे वजन पुढे असते. गोण्या वर नेऊन चारही खिट्या बसतात का ते पाहावे, पुन्हा उतरवून प्रत्येक बेसप्लेटच्या कडेची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. मग आपली गाडी वर चढवावी, मेन स्विच बंद करावा आणि घरातल्या दोघांनी, मेकॅनिकने हात न लावता, हातपंप मारून ती खाली आणून दाखवावी. विक्रेत्याचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.

आपले,
पार्किंग यंत्रणांच्या उभारणीचे आणि देखभालीचे काम करणारे काही यंत्र व स्थापत्य अभियंते,
पुणे